अर्ध्या गुणाचं कुंकू

मी हरत आले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून लोक वाटेल ते बोलतात. आमचे विष्णुपंत भावोजी तर आजही चारचौघांत म्हणतात, की उमावहिनींनी साताऱ्यात जाऊन बरोबरी लुबाडून आणली. लुबाडली तर लुबाडली. पण त्यात मला काय मिळालं आणि समोरच्या बाईला काय मिळालं, हे भावोजींना ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

सुरुवात एका खोलीपासून झाली. सांगलीत बुद्धिबळाला तोटा नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळाची एक खोली होती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, सहा टेबलं. पुरुषमाणसं रोज संध्याकाळी तिथे डोकं धरून बसत. मला माझ्या वडिलांनी सातव्या वर्षी पट मांडायला शिकवलं होतं, पण लग्न झाल्यावर माझा पट ट्रंकेत गेला. मी खेळायचे ते पद्माताईंशी, आमच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पद्माताई शाळेत गणित शिकवायच्या. त्या विधवा, एकट्या राहायच्या आणि मला नेहमी हरवायच्या.

मग पंचाहत्तर साल उजाडलं. महिला वर्ष म्हणून सगळीकडे गाजावाजा. मंडळाचे चिटणीस म्हणजे आमचे भावोजी, माझे दीर. त्यांनाही महिलांसाठी काहीतरी केल्याचं कागदावर दाखवायचं होतं. मी आणि पद्माताईंनी बरोबर तेवढ्यात त्यांना गाठलं आणि खोली मागितली. फार नाही, फक्त शनिवारी तीन ते सहा. त्यांनी सभेत भाषण द्यावं तसं लांबलचक 'बघू' म्हटलं, आणि शेवटी किल्ली दिली. ती मी पदराला बांधली.

त्या तीन तासांचं मोल पुरुषांना कळायचं नाही. तीन तास कुणी चहा मागत नाही. माझा सदरा कुठाय म्हणून कुणी हाक मारत नाही. दळण आलं का, दूध उतू गेलं का, काही नाही. नुसता पट आणि समोर एक बाई. मी तर कधी कधी डाव न मांडताच पाच मिनिटं गप्प बसायचे. शनिवार संपला की पुढचा शनिवार किती दिवसांवर आहे हे मी मोजायला लागायचे.

दिवाळीच्या सुमाराला साताऱ्याहून पत्र आलं. सातारा विरुद्ध सांगली, महिलांचा सांघिक सामना, चार पट. दरवर्षी एकदा, आलटून पालटून. भावोजींनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघा वहिनी, सांगलीचं नाव आहे. शनिवारी आमच्या मंडळींचा सराव बुडतोय. साताऱ्याकडून हरून आलात तर खोली परत."

"आणि नाही हरलो तर?" मी विचारलं.

"नाही हरलात तर वर्षभर राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

भावोजींना आम्ही हरणार याची खात्री होती, म्हणून ते स्वखर्चाने व्यवस्थापक म्हणून आमच्याबरोबर यायला निघाले. एसटीत सगळा वेळ पेंगले. कराड आल्यावर तेवढे जागे झाले, भजी खाल्ली आणि परत झोपले.

सामना एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पंच होते गोपाळकृष्ण म्हणून एक निवृत्त हेडमास्तर. कोट, टोपी, गळ्यात शिट्टी. बुद्धिबळात शिट्टीचं काय काम, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी आम्हा आठजणींना रांगेत उभं केलं आणि कागदावरून नियम वाचले. हरली तिनं आपला राजा आडवा करायचा. शिवलेली सोंगटी हलवायचीच. हॉलमध्ये बोलणं पूर्ण बंद, कारण बायका बोलायला लागल्या की थांबत नाहीत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आणि बरोबरी हवी असेल तर तोंडानं न मागता हात पुढे करायचा. समोरचीनं हात मिळवला की बरोबरी मान्य.

यावर सगळ्याजणी फिसकन हसल्या. साताऱ्याच्या एक जाडशा बाई म्हणाल्या, "आवं गुरुजी, बाया काय सायबावानी हात मिळवत्यात व्हय?"

गोपाळकृष्ण गुरुजी गोंधळले. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांची बायको चहाची व्यवस्था बघत होती. ती सहज म्हणाली, "मग हळदीकुंकू लावू दे की एकमेकींना. माझ्याकडे करंडे आहेत."

गुरुजींना ही गोष्ट एवढी पसंत पडली, की त्यांनी लगेच कागदावर नवा नियम लिहून काढला आणि मोठ्यानं वाचला. आपली चाल झाल्यावर बरोबरी मागणारीनं समोरचीला कुंकू लावायचं. समोरचीनं उलट लावलं की बरोबरी मान्य. नाही लावलं तर डाव पुढे चालू. चारही टेबलांवर एकेक करंडा आला.

"आणि मी हो?" पद्माताईंनी विचारलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं.

गुरुजींच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पुरुषमाणूस, कुठून येणार? त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तुम्ही आपला हात मिळवा."

"मी बरोबरी करायला आलेलेच नाही," असं म्हणून पद्माताई आपल्या जागी जाऊन बसल्या. आम्ही परत हसलो. त्यात मीही हसले, ते लक्षात ठेवा.

पहिल्या पटावर मी. माझ्यासमोर येऊन बसली मनुबाई. लोणंदच्या बाजूच्या एका खेड्यातली, पस्तिशीची, काठाचं हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, गळ्यात डोरलं, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. तिनं खुर्चीखाली वहाणा काढून ठेवल्या आणि खुर्चीवर मांडी घालून बसली. ओटीतून भाजक्या शेंगांची पुरचुंडी काढून पटाशेजारी ठेवली. मी मनात म्हटलं, उमे, अर्ध्या तासात चहा प्यायला मोकळी. कशाला खोटं बोलू, मला तिच्याकडे बघून हायसं वाटलं होतं.

तिच्याबरोबर सोबतीला तिची चुलत सासू आली होती, शालूबाई म्हणून. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि आमच्या टेबलाकडे टक लावून बघत राहिली.

डाव सुरू झाला. मनुबाई हळू खेळायची. चाल केली की कागदावर ती टिपायची, बारीक स्वच्छ अक्षरात, एखाद्या कारकुनाच्या सफाईनं. मला त्याचं जरा नवल वाटलं. पंधराव्या चालीला तिनं आपला घोडा माझ्या उंटाच्या तोंडी दिला. मी दोनदा पाहिलं. घोडा खरंच फुकट होता. मी तो खाल्ला. ती हळूच कुजबुजली, "लय झ्याक."

गुरुजींनी लांबून शिट्टी वाजवली. म्हणजे शिट्टीचा उपयोग निघाला तर.

त्या घोड्यानं माझं वाटोळं केलं. तो खायला माझा उंट गेला, आणि उंट गेल्यावर माझ्या राजाची एक बाजू सताड उघडी पडली. पुढच्या दहा चालींत तिनं माझी तीन प्यादी टिपली, घोडा परत वसूल केला, आणि वर शेंगा सोलत बसली. एक शेंग सोलायची, दाणे माझ्या बाजूला सरकवायची, दुसरी सोलून आपण खायची. आता शत्रूनं दिलेले दाणे खायचे की नाही? मी खाल्ले. खमंग होते.

मग मी माझे उद्योग सुरू केले. मी काही साधी बाई नाही. तिनं विचार करायला मान खाली घातली की मी बांगड्या वाजवायचे. सुस्कारे टाकायचे. पदरानं वारा घ्यायचे. एकदा तर तिच्या वजिराकडे बघून अशी हळहळले, की जणू तिच्या हातून मोठी चूक झालीय. मनुबाईनं मान वर केली, माझ्याकडे अगदी मायेनं बघितलं आणि दाण्यांची पुरचुंडी माझ्या आणखी जवळ सरकवली.

तासाभरात बाकीचे तिन्ही डाव संपले. पद्माताई जिंकल्या, सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या पटावर आमची मुलगी हरली. चौथ्यावर दोघींनी एकमेकींना कुंकू लावून बरोबरी केली. दीड-दीड. आता सगळं माझ्यावर आलं. मला जिंकायचीही गरज नव्हती. अर्धा गुण मिळाला की दोन-दोन होणार, आम्ही हरलो नाही असं होणार, आणि वर्षभर शनिवार आमचे.

आणि माझा डाव तर चुलीत गेला होता. पटावर तिचा हत्ती, माझा हत्ती, थोडी प्यादी. तिचं कडेचं प्यादं धावत धावत सातव्या घरात येऊन उभं होतं. आणखी एक पाऊल टाकलं की वजीर. माझा हत्ती भलत्याच कोपऱ्यात अडकलेला. सगळ्याजणी येऊन टेबलाभोवती उभ्या राहिल्या. भावोजीही आले. त्यांनी पट पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला तो हत्ती उचलून त्यांना मारावासा वाटला. त्यांनी माझ्या पदराच्या गाठीकडे एकदा पाहून घेतलं, किल्ली जागेवर आहे ना म्हणून.

मी राजा एक घर सरकवला. उगीच, काहीतरी करायचं म्हणून. आता तिची चाल. तिनं हात पुढे केला, त्या प्याद्याकडे. आणि माझी नजर करंड्यावर पडली.

आता बघा, नियम काय होता. मी कुंकू लावायचं, तिनं उलट नाही लावलं तर डाव पुढे चालू. कागदावर ठीक आहे. पण कुंकू लावून घेऊन उलट न लावणारी बाई आमच्या मुलखात अजून जन्माला यायचीय. गुरुजी हेडमास्तर असतील, पण त्यांनी बायकांची कवायत कधी घेतली नव्हती. समोरचीनं कपाळाला बोट लावलं की आपला हात आपोआप करंड्यात जातो. झोपेतून उठवून विचारा, तरी जातो.

तिची बोटं प्याद्याला टेकायच्या आत मी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि तिच्यापुढे धरलं.

मनुबाईचा हात हवेतच थांबला. साताऱ्याच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भिंतीशी बसलेली शालूबाई तर उठून उभी राहिली. मला वाटलं, डावाचा ताण आहे. मला वाटलं, माझी युक्ती ओळखली सगळ्यांनी. मी मनात म्हटलं, ओळखा मेल्यांनो, नियमात आहे.

मनुबाई माझ्या बोटाकडे बघत होती. प्याद्याकडे नाही, पटाकडे नाही. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि कपाळ पुढे केलं. मी लावलं. लगेच माझंही कपाळ पुढे केलं, अगदी टेबलावर वाकून, कारण तिनं विचार बदलायच्या आत मला माझा अर्धा गुण हवा होता.

तिनं करंड्यात बोट घातलं. ते बोट माझ्या कपाळाला लागलं ते तिनं लवकर उचललंच नाही. मी मनात म्हटलं, जिंकलेला डाव हातचा गेला, बिचारीला लागणारच.

"बरोबरी," गोपाळकृष्ण गुरुजी म्हणाले आणि त्यांनी लांब शिट्टी वाजवली.

खरी गंमत त्यानंतर झाली. सातारकरांनी हूं की चूं केलं नाही. तक्रार केली ती आमच्या भावोजींनी. "अहो गुरुजी, ही कसली बरोबरी? पुढच्या चालीत वजीर होत होता त्यांचा. कुंकू लावून कुठे डाव सुटतात?" सांगलीचा व्यवस्थापक सातारच्या पंचांशी भांडतोय, की आम्हाला हरवा म्हणून. गुरुजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "नियम सकाळी वाचून दाखवलेला आहे. आपण तेव्हा बाहेर विडी ओढत होतात." भावोजींनी विडी सोडल्याचं घरी जाहीर केलेलं होतं. ते आमच्या पिशव्या उचलायला लागले.

मी हवेत होते. हॉलच्या मागे पाण्याचा माठ होता, तिथे मी पाणी प्यायला गेले आणि एकटीच हसत उभी राहिले. किल्ली चाचपून बघितली. तेवढ्यात शालूबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हातारीचे डोळे लाल झाले होते.

"बाई," ती म्हणाली, "तुमी आमच्या मनूला कुंकू लावलं."

"नियमच होता तसा," मी म्हटलं. मला वाटलं, ही भांडायला आली.

"तुमास्नी ठावं न्हाई वाटतं. तिचा मालक, आमचा मानसिंग, मिल्ट्रीत व्हता. येकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आली, बेपत्ता हाय म्हनून. चार वर्सं झाली, ना माणूस ना मढं. गाव म्हनतंय, आता कुंकू पूस. ही म्हनती, तार बेपत्ता म्हनून आलीया, मेला म्हनून न्हाई. रोज सकाळी आरशात बघून आपलं आपन लावती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमी तिला कुंकू लावत न्हाई. हळदीकुंकवाला बोलवतो, न्हाई असं न्हाई. पर करंडा तिच्याम्होरनं फुडं जातो. मीच नेती फुडं. काय करनार, रीत हाय."

माझ्या हातातलं फुलपात्र तसंच राहिलं. माठाजवळची जमीन ओली होती, तिच्याकडे मी बघत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ती बाई जिंकली होती. आणि मी जे हत्यार काढलं, ते तिच्या कुठे लागणार याची मला कल्पनाच नव्हती. मी आपली शनिवारचे तीन तास वाचवत होते.

संध्याकाळची एसटी होती. स्टँडवर सातारच्या बायका आम्हाला पोचवायला आल्या. मनुबाईही आली. मी तिला बाजूला घेतलं, उसाच्या रसाच्या गाड्यामागे. म्हटलं, "मनुबाई, मी ते मुद्दाम केलं. बरोबरीसाठी. मला तुमचं काही ठाऊक नव्हतं. डाव तुमचा होता."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "मी काय दुधखुळी हाय व्हय? तुमचा डोळा करंड्याकडं गेला तवाच मी वळखलं, बाई आता पळवाट काढतीया."

"मग लावून का घेतलंत? प्यादं ढकलायचं होतं."

ती जरा हसली. तिच्या कपाळावर आता दोन कुंकवं झाली होती. सकाळचं रेखीव, आणि त्यावर माझ्या घाईचं, वाकडंतिकडं.

"लावून घिऊन परत लावलं नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "नेम तसाच व्हता. डाव रेटला असता, कुंकूबी मिळालं असतं. मीबी मनात घोळवलं ते. पर तुमी कपाळ फुडं केलं."

मला समजलं नाही. ते तिला दिसलं असावं.

"चार वर्सं दुसऱ्या बाईचं बोट माझ्या कपाळाला लागलं न्हाई, ते येक. पर त्याचं येवढं न्हाई वाटत, मी माझं मी लावती. माझ्या हातचं कुनी लावून घेत न्हाई, ते लय लागतं. माझं बोट दिसलं की बाया पदर फुडं वढत्यात. पोरी चूल बघायला उठत्यात. आन तुमी कशा, अर्ध्या टेबलावर आडव्या पडून कपाळ दिलं. जनू माझं बोट लागलं न्हाई तर जीवच जाईल." ती आता खरंच हसायला लागली. "जिताया काय, घरी रोज जितते मी सासऱ्याशी. त्येचं काय येवढं? हे मातूर अर्ध्या गुनात मिळालं, सस्तात पडलं."

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "इतकं चांगलं खेळायला कुणी शिकवलं?"

"मालकांनी. रजेवर आले की. मग रजा संपली की पत्रातनं. येका पत्रात येक चाल. लिवायला त्येनीच शिकवलं, चाली लिवता याव्यात म्हनून." तिनं रस्त्याकडे बघितलं. "येक डाव अर्धाच ऱ्हायलाय आमचा. मी माझी चाल कळवली हाय. आता त्येंची हाय."

एसटी आली. भावोजी आधी चढून खिडकीची जागा धरून बसले. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा मनुबाई मागून म्हणाली, "उमाबाई, फुडल्या वर्साला आमी सांगलीला येनार हाय. तवा कुंकू डाव सुरू व्हायच्या आदी लावा. मग दावते."

परतीच्या प्रवासात पद्माताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होते. सहा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून खेळतेय. दर संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू असतं, आणि पद्माताई त्या दिवशी नेमक्या पेपर तपासत असतात. त्यांना दरवर्षी त्याच दिवशी पेपर कसे येतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"बघू नकोस अशी," पद्माताई म्हणाल्या. "संक्रांतीला येईन. तिळगूळ जास्त कर."

पुढच्या दिवाळीनंतर सातारचा संघ सांगलीला आला. सामना आमच्याच खोलीत. भावोजींची अट कायम होती, हरलात तर किल्ली. गोपाळकृष्ण गुरुजी शिट्टीसकट आले होते आणि त्यांचा नियमही कायम होता. चार टेबलं, चार करंडे.

मी आदल्या रात्री पुष्कळ विचार केला होता. करंडा आधीच वापरून टाकला, तर नंतर अडचणीत आल्यावर मला तोंड उरणार नव्हतं. एका बाईला एका दिवसात दोनदा कुंकू लावून बरोबरी मागायची, एवढी मीसुद्धा निर्लज्ज नाही. म्हणजे माझं एकुलतं एक हत्यार मी डावाआधीच खाली ठेवणार होते. आणि मनुबाई खेळते कशी ते मी पाहिलं होतं.

सगळ्याजणी बसल्या. मनुबाईनं वहाणा काढल्या, मांडी घातली, शेंगांची पुरचुंडी ठेवली. मी उठून उभी राहिले आणि करंडा उघडला. गुरुजी म्हणाले, "अहो, डाव सुरू व्हायचाय. आत्ताच बरोबरी?"

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "हे नुसतंच कुंकू आहे."

मी ते सावकाश लावलं, नीट मधोमध, गोल. मग माझं कपाळ पुढे केलं. या वेळी तिनं कुंकू लावून बोट लगेच उचललं. शालूबाई भिंतीशी बसली होती. ती उठली, आमच्या टेबलाशी आली, आणि मनुबाईपुढे वाकून उभी राहिली. मनुबाईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ही पाच वर्षांचं काढते बाहेर. पण तिनं सासूला कुंकू लावलं, आणि बोट आपल्या पदराला पुसलं.

"सरलं का कुंकू?" ती मला म्हणाली. "मग खेळा आता."

एकतिसाव्या चालीला मी राजा आडवा केला. नुसती हरले नाही, पार धुतली तिनं मला. पद्माताई जिंकल्या, बाकी दोघी हरल्या. तीन-एक. भावोजी दारातच उभे होते. गुरुजींची शिट्टी वाजते न वाजते तोच ते आत आले आणि त्यांनी माझ्यासमोर तळहात पसरला.

मी पदराची गाठ सोडायला लागले. शब्द म्हणजे शब्द. गाठ वर्षभराची, घट्ट बसलेली, सुटता सुटेना. डोळ्यांत पाणी येत होतं त्यामुळे दिसतही नव्हतं.

तेवढ्यात त्या पसरलेल्या तळहातावर दाणे पडले. मूठभर, सोललेले, वर गुळाचा खडा.

"घ्या की दादा," मनुबाई म्हणाली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलत होती. "तुमीच न्हवं चिटणीस? ही खोली बायास्नी तुमीच दिली म्हनं. आमच्या सातारच्या बाप्यांना मी हेच सांगनार हाय, सांगलीला जाऊन बगा, दादांनी कशी खोली दिलीया बायांना. आता आमास्नीबी मागायची हाय. देव तुमचं बरं करील."

खोलीत वीस-बावीस बायका होत्या. सगळ्या भावोजींकडे बघत होत्या. गोपाळकृष्ण गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "वा, हे फार स्तुत्य केलंत," आणि वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

भावोजींनी हातातल्या दाण्यांकडे बघितलं. किल्ली मागायची तर हात रिकामा हवा, आणि हात रिकामा करायचा तर दाणे खायला हवेत. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

"आवडले का दादा?" मनुबाईनं विचारलं.

"खमंग आहेत," भावोजी म्हणाले.

ते दाणे खात खात दाराबाहेर गेले. मी सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट केली. मनुबाई खुर्चीखालच्या वहाणा पायानं शोधत होती. मी तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "तो डाव? पत्रातला?"

"अजून त्येंचीच चाल हाय," ती म्हणाली. मग तिनं पट परत सारखा केला, पांढऱ्या सोंगट्या माझ्या बाजूला फिरवल्या आणि खुर्चीवर पुन्हा मांडी घातली. "गाडीला तास हाय. बसा. तवर तुमी चाला."